पट्टी कोण बुडवतं

अंबादास कोडमांनी तीन कंपन्यांचे कागद
माझ्या ओट्यावर पसरले, वर शेंगाचटणीची बरणी ठेवली,
पंख्यानं उडू नयेत म्हणून.
"मॅडम, तुम्ही नायट्रोजन वाहिलाय. तुम्हीच सांगा,
मेल्यावर मला कुठं ठेवावं."

वाहिलाय खरा. एकतीस वर्षं.
लुनाच्या मागं बांधलेला अल्युमिनियमचा हंडा,
मंद्रूप, होटगी, वळसंग.
झाकण काढलं की गार वाफ साडीवर सांडायची,
गोठ्यातली पोरं ओरडायची, डॉक्टरीण भूत घेऊन आली.
आत, उणे एकशे शहाण्णवला,
बारा वर्षांपूर्वी मेलेला एक खिलार वळू
काडीकाडीनं वाट बघत होता.

कोडमांचा मुलगा टेक्सासला. पैसे तो भरणार.
पहिली कंपनी सगळ्यात जुनी, वाळवंटातली.
"म्हणजे सोलापूरच की," कोडम म्हणाले.
दुसरीचं माहितीपत्रक गुळगुळीत,
त्यात तरुण माणसं समुद्राकाठी हसत होती,
मेलेलं कुणीच नव्हतं.
तिसरी स्वस्त, पण फक्त डोकं घेते.

"डोकं?"
ते हातांकडे बघत राहिले.
चाळीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर.
लाईट गेल्यावरही तुटलेला धागा
बोटांना सापडायचा.
"डोक्यानं कुठं विणलं मी, मॅडम?
डोकं तर सारखं घरी असायचं."

मला तशी एकच गोष्ट कळते.
सत्त्याण्णवची दिवाळी. चार दिवस सुट्टी,
नायट्रोजनची गाडी आलीच नाही, शिपाई गावी गेलेला.
पाडव्यानंतर मी कुलूप काढलं,
पट्टी हंड्यात बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली.
काळ्या पट्टीवर पांढरं हिम चढलंच नाही.
दोनशे चाळीस काड्या.
हंडा तसाच चकचकीत,
वरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

म्हणून तिघांनाही एकच प्रश्न लिहायला लावला:
पट्टी कोण बुडवतं? सणाच्या दिवशी कोण?

वाळवंटातून बावीस पानं आली,
सेन्सर, विमा, विश्वस्त निधी.
समुद्रवाल्यांनी आमच्या स्वारस्याबद्दल आभार मानले.
डोकंवाल्यांकडून दोनच ओळी:
मीच बुडवते. नाताळला माझा भाऊ येतो,
तो थोडी घेतो, पण बुडवतो.
खाली सही, डोलोरेस.

मुलानं फोनवर त्या ओळी तेलुगूत सांगितल्या,
कोडमांनी पुन्हा सांगायला लावल्या.
"हिच्याकडं."
आणि हात?
"हात राहू द्या इथंच, अक्कलकोट रोडच्या स्मशानात.
दमलेत ते."

मग मे महिन्याची काळजी. चव्वेचाळीस डिग्रीत गेले तर
पहिल्या सहा तासांचा बर्फ कुठला?
एमआयडीसीतल्या बर्फवाल्याकडं मी स्वतः गेले,
ऐनवेळी शंभर किलो मिळेल का म्हणून.
त्यानं वही काढली, विचारलं,
"लग्न कुणाचं?"

एक मात्र मी कोडमांना सांगितलं नाही.
त्या वळूची वासरं झाली पुष्कळ.
मंद्रूपला एक तर हुबेहूब, कपाळावर तोच भोवरा.
मालक रडला, त्याच्या नावानं हाका मारू लागला.
वासरानं मान वळवली नाही.
त्याला आईचा सड कुठंय
एवढंच माहीत होतं, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

फॉर्म गेला.
रिटायर होताना पट्टी परत करायची राहिली, ती घरीच आहे.
आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं,
सकाळी उठून टाकीत बुडवते.
आज अठरा सेंटीमीटर.

भिंतीपलीकडून कोडम विचारतात,
"किती हो?"

"आहे," मी सांगते.
"उद्यापर्यंत आहे."